मद्रासला नेलेली कोकची गोणी

मद्रास, गुरुवार, ६ फेब्रुवारी १९८६.

हजर: १) मी, आमच्या कोल्हापूरच्या फाउंड्रीचे स्टोअर आणि ऑफिस सांभाळणारी. २) श्रीपाद भाऊजी, माझे धाकटे दीर, फाउंड्रीचे मालक. ३) बापू मिस्त्री, एकवीस वर्षे आमची भट्टी चालवणारे. ४) कोकची गोणी, नग एक, तोंड शिवलेले.

गोणीला मी हजेरीत धरते, कारण सगळा प्रवास तिच्यासाठी होता. आम्ही तिघे तिच्या सोबतीला होतो.

ज्यांचा कोकशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. दगडी कोळसा हवा न लागू देता तापवला की त्यातला धूर, डांबर आणि जळणारा वायू निघून जातो. मागे राहतो तो कोक. रंगाने राखाडी, हाताला खरखरीत, अंगभर बारीक भोके आणि आकाराच्या मानाने हलका. आमच्या उभ्या भट्टीत कोकचा एक थर, लोखंडाचा एक थर असे भरत जायचे आणि खालून हवा मारायची. कोक चांगला असला तर लोखंडाचा पाण्यासारखा पातळ रस होतो. तो साच्याच्या कानाकोपऱ्यात जातो आणि पंपाचे कवच अखंड निघते.

आमची कवचे डिसेंबरपासून अखंड निघत नव्हती. रस थंड येई, साच्यात अर्ध्या वाटेवर गोठे आणि कवचाला कान नसे नाहीतर तळ नसे. भाऊजींचा राग बापूंवर. बापूंचे म्हणणे, हात तोच, हवा तीच, भट्टी तीच, मग दोष कोकचा. हा कोक आम्ही मद्रासच्या एका व्यापाऱ्याकडून घेतला होता. शेवटी भाऊजींनी सगळ्यांसमोर सांगून टाकले की मद्रासला जाऊन कोक तपासून घेऊ. कोक खराब निघाला तर व्यापारी बदलू. चांगला निघाला तर परत आल्या दिवसापासून भट्टी नव्या डिप्लोमावाल्या सुपरवायझरकडे आणि बापू साचेखात्यात.

बापू एवढेच म्हणाले, "मग मला बी संगं न्या. माझाच निकाल हाय, मी ऐकाय पायजे."

प्रयोगशाळेचे पत्र आले होते की नमुना प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून आणावा, त्यातला ओलावा कमी किंवा जास्त होता कामा नये. मी दुहेरी प्लास्टिक घातले, तारेने आवळले, वर गोणपाट शिवले आणि ठळक अक्षरांत लिहिले: "महत्त्वाचे. उघडू नये. वापरू नये." ओलाव्याचे त्यांना एवढे काय पडले आहे, हा प्रश्न मला पडला नाही. यादीत होते, ते केले.

गाडीत गोणीवर आळीपाळीने सहा माणसे बसली. एका बाईंनी तिच्यावर बाळाचे लंगोट वाळत घातले. तिकीट तपासनीसाने आत काय आहे विचारले तेव्हा भाऊजी म्हणाले, "पुरावा." त्यानंतर आमच्या डब्यातली माणसे आमच्याशी जरा बेताने बोलू लागली.

उतरलो अण्णा नगरात, सेतुरावांकडे. त्यांचा मुलगा भाऊजींचा कॉलेजातला मित्र, सध्या नोकरीमुळे भिलाईला. सेतुराव निवृत्त शाळामास्तर, त्यांची बायको कमलाबाई, तिला सगळी गल्ली अक्का म्हणते. ही मंडळी तंजावरकडची. किती पिढ्या तिकडे गेल्या याचा हिशेब त्यांनाही नाही, पण घरात बोलणे मराठीच. आमच्या कानाला ती मराठी जुन्या पोथीतून थेट स्वयंपाकघरात आल्यासारखी वाटते, आणि तिच्या मधोमध तमिळ शब्द खुशाल मांडी घालून बसलेले असतात. लिहिणे-वाचणे मात्र तमिळमध्ये. ही गोष्ट पुढे महत्त्वाची आहे. माझी ठळक अक्षरे त्या घरात कोणालाही वाचता येणार नव्हती.

गोणी मी स्वतः मागच्या दाराजवळ सावलीत ठेवली. अक्कांनी तिच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि डोळ्यांत पाणी येईल अशा मायेने हसल्या. का हसल्या ते मला शनिवारी कळले.

जेवायला केळीच्या पानावर भात, चिंचेची आमटी, वांग्याची भाजी, पुन्हा भात, रसम, पुन्हा भात, दही. आपल्याकडे भात शेवटी येतो आणि मुकाट्याने जातो. इथे तो आधी येतो आणि उठायला तयार नसतो. बापूंनी पोळीची वाट पाहत पहिला भात बाजूला सारून ठेवला. दुसरा आला तेव्हा त्यांना परिस्थिती समजली. त्यांनी पिशवीतून कांदा-लसणाच्या चटणीची बरणी काढली आणि दहीभातात दोन चमचे कालवले. अक्कांनी बोटाच्या टोकावर घेऊन चाखली, तांब्याभर पाणी प्यायल्या आणि चटणी कुठल्या भट्टीत केली ते विचारले. तेव्हापासून दोघांची दोस्ती.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी. गुम्मिडिपूंडी.

प्रयोगशाळेतले मुख्य रसायनतज्ज्ञ शनिवारी भेटणार होते, म्हणून शुक्रवारी व्यापाऱ्याचे गुम्मिडिपूंडीचे कोठार पाहायचे ठरले. सेतुराव दुभाषे म्हणून आले. बसमध्ये मला खिडकी मिळाली. मद्रास संपले तरी संपल्यासारखे वाटत नाही. मग एकदम खाजणे, मग ताडाची झाडे आणि मग कारखान्यांच्या चिमण्या. चिमण्या मोजायचा मोह मी आवरला.

कोठारात कोकचे ढीग घरांएवढे. प्रत्येकावर ताडपत्री, दोरांनी बांधलेली, खाली उंचवट्यावर फळ्या. मला ती व्यवस्था फार आवडली. वहीत लिहून घेतले: "ताडपत्री. धूळ उडू नये म्हणून. आपल्याकडेही करता येईल."

धुळीशी माझे जुने वैर आहे. आमच्या स्टोअरमधला कोक सारखा धुरळा सोडे. रजिस्टरांवर काळा थर, चहाच्या कपांत काळा थर. म्हणून मी नोव्हेंबरात नियम घातला की रोज सकाळी आणि दुपारी कोकच्या ढिगावर पाणी मारायचे. कोणी कधी मारायचे त्याचा तक्ता भिंतीवर लावला. त्याच महिन्यात दुसरी सुधारणाही केली. बापू पूर्वी भट्टीत कोक पाट्या मोजून टाकत. पाटी हे काही माप नव्हे, म्हणून मी वजनकाटा आणवला. इतके लोखंड, त्याला इतका कोक, काट्यावर तोलून. दोन्ही सुधारणांचा मला अभिमान होता आणि गाडीत समोरच्या बाईंना मी त्या सविस्तर सांगितल्याही होत्या.

कोठाराच्या सुपरवायझरने ढिगातला एक खडा उचलून फरशीवर टाकला. फुटला नाही, खणकन वाजला. बापूंनी दोन खडे कानाशी धरून एकमेकांवर आपटले, मोडलेल्या बाजूवरून अंगठा फिरवला, मग खडा तळहातावर नुसता वर-खाली करत राहिले. देवळातली घंटा विकत घेणाऱ्यासारखा चेहरा. भाऊजींनी विचारले, कसा आहे. बापूंना खोटे बोलता आले असते. त्यांचे सगळे त्यावरच होते.

"चांगला हाय, मालक," ते म्हणाले. "वाजतोय. हलका बी हाय." आणि ताडपत्रीकडे पाहून, माझ्याकडे न पाहता, "कोरडा हाय."

 परतीच्या बसमध्ये भाऊजी पुढे बसले आणि बापू मागे. मधे मी आणि सेतुराव. सेतुराव मला तमिळ अंक शिकवत होते आणि मी वहीत लिहून घेत होते, कारण दोघांपैकी कोणाशी काय बोलावे ते सुचत नव्हते. बापूंना साचेखात्यात पाहणे मला बरे वाटणार नव्हते. मी भाऊजींच्या घरात सून म्हणून आले त्याच वर्षी ते भट्टीवर आले.

शनिवार, ८ फेब्रुवारी. अण्णा नगर.

तिकडे शनिवार म्हणजे पुरुषांच्या तेलाच्या अंघोळीचा दिवस. आपल्याकडे दिवाळीत एकदा जे होते ते तिकडे दर आठवड्याला होते. पाहुण्यांना सूट नाही. सकाळी सातला भाऊजी आणि बापू मागच्या अंगणात दोन पाटांवर, पंचे नेसून, डोक्यापासून तळव्यापर्यंत तिळाचे तेल चोपडून बसले होते. तेल मुरेपर्यंत हलायचे नाही, अशी सेतुरावांची शिस्त. भट्टीचा मालक आणि भट्टीचा मिस्त्री शेजारी शेजारी बसून सारखेच चकाकत होते. अकराला प्रयोगशाळेत पोहोचायचे होते. वेळापत्रक माझ्या हातात होते.

न्हाणीघरात तांब्याचा बंब. त्यातून पाण्याचा पहिला तांब्या सेतुरावांनी भाऊजींच्या पाठीवर ओतला आणि भाऊजी पाटासकट उठले. पाणी उकळते होते. बंबाच्या धुराड्यावर निळ्या ज्वाळा नाचत होत्या.

बापूंनी त्या पाहिल्या मात्र, तसेच तेलकट अंगाने न्हाणीत शिरले, दार आणि झरोका सताड उघडला आणि सगळ्यांना बाहेर काढले. कोकच्या ज्वाळेचा तो निळा रंग ते एकवीस वर्षे पाहत आले आहेत. कोक पेटल्यावर निघणारा विषारी वायू तसा निळा जळतो तोवर ठीक. न जळता बंद खोलीत साठला तर त्याला वास नाही, रंग नाही, माणूस झोपल्यासारखा जातो. हे सगळे त्यांनी अक्कांना कोल्हापुरीत आणि हातवाऱ्यांनी सांगितले आणि अक्कांना सगळे समजले. मग ते थांबले. या बंबात एरवी नारळाच्या करवंट्या जळतात आणि त्यांच्यावर असली ज्वाळा येत नाही, हे त्यांच्या लक्षात आले. माझ्याही आले.

मी मागच्या दाराशी गेले. गोणी होती, पण बसल्यासारखी. तोंड उसवलेले, आत तळाशी ओंजळभर खडे. प्लास्टिकची पिशवी धुऊन दोरीवर वाळत टाकलेली.

मी गोणी उचलून अक्कांसमोर धरली आणि विचारले. अक्का मात्र प्रसन्न होत्या. झाले होते ते असे. आम्ही यायच्या आठवडाभर आधी सेतुरावांनी इंग्रजी पत्रातून कळवले होते की घरातला गॅसचा सिलिंडर संपला आहे, दुसरा कधी येईल सांगता येत नाही, पण तुम्ही संकोच करू नका. मग आम्ही दारात उतरलो ते कोळशाच्या गोणीसकट. त्यांच्याकडे पाहुणा रिकाम्या हाताने येत नाही आणि आणलेले कधी बोलून दाखवत नाही, मागच्या दाराशी ठेवून देतो. मी नेमके तसेच केले होते. गुरुवारचे ते मायेचे हसू त्यासाठी होते.

"अस्कं मद्रास गॅससाठी रांगेत," त्या म्हणाल्या (अस्कं म्हणजे सगळं), "आणि तुम्ही एवढ्या दुरून जळण घेऊन आलांत. शेजारच्यांना मी दाखवलं कीं."

भाऊजी तेलातच कपाळाला हात लावून बसले. हात घसरला. आमचा पुरावा त्यांच्या पाठीवर ओतला गेला होता.

पण अक्कांचे सांगून झाले नव्हते. कोळसा चांगला आहे, त्या म्हणाल्या, पण तुम्ही तो नीट ठेवत नाही. काल आम्ही गुम्मिडिपूंडीला असताना त्यांनी पहिली खेप बंबात घातली. खाली करवंट्यांचा जाळ करूनही पेटायला तयार नाही. नुसता चुरचुरत होता आणि धुराड्यातून वाफ. पाणी जेमतेम कोमट.

"कोळसा पाणी पिऊन आला होता, बाई," अक्का म्हणाल्या. "पिशवीच्या तळाशी पाणी. मग अस्का काढून गच्चीवर वाळत घातला, माझ्या वडामशेजारी. दिवसभर ऊन खाल्लं. आज पाहा, तोच घातला आणि पाहुण्यांची पाठ भाजली."

वडाम म्हणजे तांदळाच्या कुरडया. गच्चीवर जुन्या पातळावर त्या ओळीने वाळत होत्या आणि पातळ उडू नये म्हणून चारही कोपऱ्यांवर आमचा एकेक खडा ठेवला होता. प्रयोगशाळेसाठीचा नमुना म्हणजे आता ते चार खडे आणि गोणीच्या तळाची ओंजळ.

 भाऊजी हिशेबाने बोलणारा माणूस आहे. त्यांनी सावकाश विचारले, "वहिनी, आपल्या कोकवर पाणी कुठून आलं?"

मला तक्ता आठवला. सोमवार ते शनिवार, सकाळ आणि दुपार, खाली माझी सही. मी तसे सांगितले. 

बापू पंच्याला हात पुसत म्हणाले, "मालक, खडा सगळा भोकांचा. पाणी दिलं की पितो. आधी ते पाणी उकळून वाफ करायला भट्टीचीच आग जाती. आणि पाटीनं भरत हुतो तवा ओला असला तरी पाटीत कोक तेवढाच बसायचा. काट्याला काय कळतंय? त्याला पाणी बी कोकच."

म्हणजे माझी एक सुधारणा कोकला पाणी पाजत होती आणि दुसरी ते पाणी कोकच्या भावाने भट्टीत घालत होती. दोन्ही एकाच महिन्यात सुरू झाल्या आणि डिसेंबरपासून रस थंड. तारखा माझ्याच वहीत होत्या. कोणीही पाहिल्या असत्या तर दिसल्या असत्या, पण वही माझ्याशिवाय कोणी पाहत नाही.

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?" भाऊजींनी बापूंना विचारले.

बापूंनी माझ्याकडे पाहिले नाही. "सांगितलं हुतं," एवढेच म्हणाले आणि अंघोळीला गेले.

मी खोलीत जाऊन वही काढली. नोव्हेंबर, तिसरा आठवडा. माझ्याच अक्षरात: "बापू मिस्त्रींची तक्रार: कोकला पाणी नको म्हणतात. धूळ बसते, पाणी उडून जाते, असे समजावले." पुढे बरोबरची खूण.

प्रयोगशाळेत अकराला आम्ही चार खडे आणि ओंजळ घेऊन हजर झालो. खड्यांना कुरडयांचे पीठ लागले होते. रसायनतज्ज्ञ गंभीर गृहस्थ होते. त्यांनी पीठ पाहिले, आमच्याकडे पाहिले आणि भाऊजींनी इंग्रजीत सगळी हकिकत सांगितल्यावर चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. ओलाव्याची परीक्षा आता निरर्थक, ते म्हणाले, गच्चीने ती आधीच केली आहे. राख आणि बाकीचे पाहून सांगतो. तोवर एक खडा त्यांनी तराजूत तोलला, आम्ही कॉफी पिईपर्यंत पाण्यात बुडवून ठेवला आणि निथळून पुन्हा तोलला. पारडे कसे खाली बसले ते त्यांनी मला जवळ बोलावून दाखवले. न बोलावताही मला दिसत होते.

संध्याकाळी निकाल मिळाला. कोक उत्तम. कोल्हापूरहून निघताना हा निकाल म्हणजे बापूंची बदली होती. भाऊजींनी कागदाची घडी केली, खिशात टाकली आणि बापूंना म्हणाले, "गुरुवारी भट्टी पेटवायची आहे. कोक आधी वाळवून घ्या." भाऊजींच्या स्वभावात याहून लांब माफी बसत नाही. बापूंनी ती पुरेशी धरली. राहिले होते ते माझे.

रविवार, ९ फेब्रुवारी. कोवलम.

गाडी संध्याकाळची, म्हणून सकाळी बसने मद्रासजवळच्या कोवलमला, केरळातल्या नव्हे, समुद्र पाहायला गेलो. मी वहीत कलम लिहून नेले होते: "बापूंना सांगणे की चूक माझी होती आणि त्यांनी सांगितले होते." बापूंनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून ते लाटेत उभे राहिले आणि लाट परत जाताना पायाखालची वाळू सरकली तशी त्यांनी माझ्या पिशवीला धरले. वेळ चांगली होती. मी सुरुवात केली, "बापू, त्या पाण्याचं..."

"व्हय वैनीसाहेब, लई पाणी," ते म्हणाले. "आपल्या तक्त्याला पुरंल."

भाऊजी हसत हसत वाळूत बसले. माझे कलम तिथेच राहिले.

दुसरा प्रयत्न होड्यांपाशी केला. तिथे एका कोळिणीने ताजा मासा तव्यावर तळून दिला होता आणि बापू तीन दिवसांच्या दहीभाताची भरपाई करत होते. बरणीतली उरलेली चटणी त्यांनी त्यावर थापली होती आणि काटे काढण्यात ते इतके गुंतले होते की त्या माणसाला थांबवणे मला बरे दिसेना. परतताना अक्कांचा निरोप घ्यायचा होता. त्यांनी आम्हाला कुरडयांचा डबा दिला आणि पुढच्या वेळी कोळसा आणाल तो कोरडा आणा, अशी ताकीद दिली. बापूंनी रिकामी बरणी त्यांना भेट दिली. पुन्हा राहिले.

परत आल्यावर मी यादी केली. भिंतीवरचा तक्ता काढणे, झाले. ताडपत्री आणणे आणि तिच्यापुढे वहीत लिहिलेले "धूळ" खोडून "ओल" करणे, झाले. ढिगाखाली फळ्या, झाल्या. कोक वाळवून मगच काट्यावर घेणे आणि ओला दिसला तर बापूंच्या पाटीने भरणे, झाले. अक्कांच्या सिलिंडरची चौकशी करणे, झाली. तो आला. गुरुवारी भट्टी पेटली. पहिला रस पांढराशुभ्र, पातळ, ठिणग्या उडवत आला आणि कवचे कानांसकट, तळासकट निघाली. नवा सुपरवायझर बापूंच्या शेजारी उभा राहून काय विचारायचे ते विचारत होता आणि बापू त्याला भट्टीच्या भोकावरच्या काचेतून आत पाहायला लावत होते.

आता दर गुरुवारी भट्टी पेटवायच्या आधी बापू स्टोअरच्या दारात येतात, टोपी काढतात आणि गंभीर चेहऱ्याने विचारतात, "वैनीसाहेब, पाणी मारू का?" मी नको म्हणते. सगळे हसतात, मीही हसते आणि ते कोक घेऊन जातात. रजिस्टरांवर पुन्हा काळा थर बसू लागला आहे. मी तो फडक्याने पुसते.

कोवलमला लिहिलेले कलम मी प्रत्येक नव्या यादीत सर्वांत वर उतरवून घेते. नोव्हेंबरातल्या त्या नोंदीपुढची खूण मी खोडली. या कलमापुढे अजून खूण नाही.